करवंदाचा डाग

मी बरा झालो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. दोन वर्षं झाली, थुंकी स्वच्छ आहे, संध्याकाळचा ताप नाही, आणि कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावरचा काटा मला दोन मणांच्या वर दाखवतो. कुणाला हा क्षय झाला असेल आणि तो अंथरुणात पडून हे वाचत असेल, तर त्यानं एवढं धरून ठेवावं की यातून माणूस उठतो. मी उठलो. माझी बायको उठली नाही. ते कसं झालं हे लिहायला मी बसलो आहे. औषधांची नावं आणि फुप्फुसांची चित्रं डॉक्टर मंडळी माझ्यापेक्षा चांगली काढतात.

माझा धंदा देवी टोचण्याचा. लोक देवी डॉक्टर म्हणतात, पण मी कसला डॉक्टर. हातात सुई, पिशवीत लशीच्या नळ्या आणि बगलेत सरकारी वही, एवढीच माझी विद्या. कर्जतपासून चौक, खालापूर, खोपोलीपर्यंतची गावं आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्या माझ्याकडे होत्या. टोचून झालं की मी बायाबापड्यांना गोळा करून दरडावून सांगायचो, "आजाऱ्याचं भांडं वेगळं ठेवा. त्याचं उष्टं कुणी खाऊ नका." वर्षानुवर्षं सांगत होतो. तोंडपाठ झालं होतं. घरी आल्यावर ते मी पिशवीबरोबर खुंटीला अडकवून ठेवत असे.

अडीच मण

मी जात्याच जाडा. लग्नात मुंडावळ्या दोनदा बांधाव्या लागल्या होत्या, इतकं माझं डोकं मोठं आणि बाकीचं सगळं त्याला शोभेसं. भिसेगावात दोन खोल्यांचं घर, घरात मी, बायको यमुना आणि मुलगी सुमा. यमुना चिमणीएवढी होती. आम्ही दोघं देवळात निघालो की शेजारी हसायचे, आणि ते हसतात हे मला ठाऊक होतं.

बदली होऊन जाणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअराची जुनी विलायती सायकल मी घेतली. लोखंडाचं धूड होतं ते, आणि त्यावर मी. सपाटीवर बरी चाले. पळसदरीच्या पुढे जरा चढ लागला की मी उतरून ढकलत जायचो, आणि वाडीतली पोरं मागून ओरडायची, "देवीवाला आला रं! सायकलीला चालवत आला."

सासुरवाडी लोणावळ्याची. सणासुदीला यमुना आणि सुमा कर्जतहून आगगाडीनं वर जायच्या. मी हट्टानं सायकलवर निघायचो. खोपोलीपर्यंत बसून, आणि तिथून खंडाळ्यापर्यंतचा सगळा घाट ढकलत. घामानं निथळत सासऱ्यांच्या दारात पोचलो की मेव्हणा ओसरीवर उभाच असे. माधवराव, यमुनेचे थोरले भाऊ, शाळामास्तर. जीभ तिखट.

"या जावईबापू," ते म्हणायचे. "आधी सायकलीला पाणी दाखवू का? दमली असेल बिचारी."

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माधवराव, एक दिवस खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाय न टेकता येतो की नाही बघा."

"पाय न टेकता? तसं झालं तर तुमची ही सायकल डोक्यावर घेऊन मी बाजारपेठेतून फिरेन."

स्वयंपाकघराच्या दाराआडून यमुना हसली. अगदी खळखळून हसली. सासूबाईंनी तिला लगेच गप्प केलं, पण मला ऐकू आलं होतं. ते हसणं मला लागलं. राग आला असं नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी काहीएक करून दाखवेन असं तिला वाटत नव्हतं, हे त्या हसण्यात मला दिसलं. आता विचारलं तर म्हणेन, तिच्या मनात तसलं काही नव्हतं. पण आता विचारायला कोणी नाही.

उतरता काटा

घाट चढायचा तर आधी अंगावरचं ओझं उतरवायला हवं, इतकं गणित मला येत होतं. रात्रीचा भात सोडला, तूप सोडलं, पहाटे सूर्यनमस्कार घातले. खोपोलीच्या एका मिस्त्रीनं मागचं चाक चढाला सोपं जाईल असं जास्त दातांच्या चक्रीचं करून दिलं. दर रविवारी मी खोपोलीत पाणी पिऊन घाटाला लागायचो.

पहिल्या रविवारी पहिल्या वळणालाच उतरलो. छाती भात्यासारखी चालत होती. महिन्याभरानं दुसरं वळण आलं. हळूहळू काही गोष्टी कळत गेल्या. वर बघायचं नाही, पुढच्या चाकाच्या हातभर पुढं बघायचं. रस्ता रिकामा असेल तर सरळ चढू नये, या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपं जावं. दात आवळून जोर लावला की पाय लवकर संपतात, जबडा सैल ठेवला की श्वास पुरतो. कुणी शिकवलं नाही, घाटानंच शिकवलं. वर्षभरात शिंगरोबाच्या देवळापर्यंत न उतरता जाऊ लागलो. तिथं मोटारवाले थांबून नारळ ठेवतात, मी सायकल टेकवून पाया पडायचो आणि मागं फिरायचो.

स्टेशनवरचे मालबाबू दामूअण्णा माझे मित्र. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मला आंब्याच्या करंड्यांच्या काट्यावर उभं करायचे आणि हमालांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "दोन मण एकवीस शेर! दोन मण बारा!" वर्षाच्या शेवटी अगदी दोन मण भरलो. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

हे अर्ध्या मणाचं श्रेय माझं. ते मी आजही सोडत नाही, घाम गाळला होता मी. पण त्यानंतर जे उतरलं ते मी उतरवलेलं नव्हतं. गंमत अशी की मला फरक कळला नाही. काटा उतरतच राहिला आणि घाट सोपा होतच राहिला. रोग आत शिरला तरी पहिले काही महिने त्यानं माझं ओझंच हलकं केलं, आणि मी त्याला व्यायामाचं फळ म्हणत राहिलो.

पुरुष सगळे शाबासकी देत होते. बायकांना मात्र ते पटत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "वाळलात हो. यमे, यांना खायला घालतेस ना नीट?" मी म्हटलं, "आई, हे व्यायामाचं शरीर आहे. तुम्हाला नाही कळायचं."

ताट

आता जी गोष्ट सांगायची ती आमच्या घरांतून इतकी साधी आहे की ती सांगावी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुरुष आधी जेवतो. तो उठला की त्याच ताटात बायको वाढून घेते. नवा संसार असताना नवरा लाडानं एखादा लाडू, एखादी वडी ताटात मुद्दाम ठेवतो. मीही ठेवायचो. मी उठून हात धुऊन सुपारी कातरत ओसरीवर बसायचो, आणि आत ती जेवायची. नऊ वर्षांच्या संसारात मी तिला जेवताना कधी पाहिलं नाही. पाहायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

भात कमी केला तसं ताटात उरू लागलं. मग भूकच मेली. आमटीचे दोन घास घेऊन उठायचो. सवयीनं अर्धी भाकरी, भाजी, दह्याची वाटी तशीच. यमुना म्हणायची, "आज काहीच जेवला नाहीत." मी म्हणायचो, "घाटाला जायचंय उद्या." ती अन्न टाकणारी नव्हती. नंतर कळलं की ती स्वतःपुरतं रांधेनाशीच झाली होती. माझं उरेल त्यावर तिचं भागत होतं. माझ्या पुढ्यातलं, माझं चिवडलेलं, माझ्या खोकल्यापाशी पडलेलं.

पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतली ठमी मला घाटाखाली भेटायची. लाकडाची मोळी घेऊन खोपोलीच्या बाजाराला जायची. तिच्या तिन्ही पोरांना मी टोचलं होतं, त्यामुळं ती मला हक्कानं बोले. एका रविवारी तिनं मोळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गं, ओळखलं नाहीस?"

"वळखला. दादा, तू सुकलास."

"हलका झालोय. बघ, आता कसा घाट चढतो."

"हलका नाय रं. सुकलास तू. माझा बा आसाच सुकला व्हता. त्याला बी पळायला लय बरं वाटायचं आदी."

मी तिला म्हटलं, आपलं काम कर. असं म्हणालो आणि सायकलवर बसलो. सगळ्या कर्जत-खोपोलीत मला खरं सांगणारी ती एकटी होती, आणि तिला मी हाकललं.

मे महिन्यातली सकाळ

त्या दिवशी एक मण तीस शेर वजन होतं माझं. यमुना आणि सुमा आदल्या दिवशीच वर गेल्या होत्या. झुंजूमुंजूला खोपोली सोडली. पहिलं वळण, दुसरं वळण, शिंगरोबा. देवाला सायकलवरूनच हात जोडले, कारण उतरलो असतो तर पैज गेली असती. पुढचा चढ सगळ्यात खडा. एका मोटारीनं मला धूळ चारून मागं टाकलं आणि वर वळणावर वाफ काढत उभी राहिली. मी तिच्या बाजूनं हळूहळू पुढं गेलो. मोटारवाला म्हणाला, "वा, साहेब." ते दोन शब्द मी पुढं वर्षभर उगाळले.

खंडाळ्याला पोचलो तेव्हा पाय टेकला. एकदाच. मग खोकला आला. छातीत काहीतरी गरम सुटलं आणि रुमालात लाल डाग पडला, रुपयाएवढा.

मी देवी डॉक्टर होतो. रक्त कशाचं हे मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगतो, कळलंही. पण ते मनात नीट उभं राहायच्या आत मी म्हटलं, घसा फाटला असेल जोरानं. रुमालाची घडी घातली आणि लोणावळ्याचा रस्ता धरला.

माधवराव शब्दाला जागले. बाजारपेठेतून नाही, पण घरासमोरच्या रस्त्यावर सायकल डोक्यावर घेऊन त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. धोतर सुटत होतं, सुमा त्यांच्या मागून नाचत होती, शेजारी दारात आले होते. यमुना ओसरीच्या खांबाला धरून उभी होती आणि या वेळी ती माझ्याकडे बघून हसली. मी इतका आनंदात कधीच नव्हतो. हे लिहितानाही तो आनंद खोटा वाटत नाही, हेच वाईट आहे.

दुपारी तिनं धुवायला कपडे घेतले. रुमाल उलगडून म्हणाली, "हा डाग कसला?"

"करवंदं खाल्ली वाटेत."

"बरं," ती म्हणाली, आणि रुमाल धुवायला घेऊन गेली.

निदान

ती थाप मारली त्या दिवसापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत चार महिने गेले. पावसाळ्यात सायकल बंद होती म्हणून दम लागतो, असं मी म्हणायचो. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. रात्री सदरा घामानं ओला व्हायचा. दामूअण्णांनी काट्यावर दीड मण वाचलं आणि ओरडले नाहीत. "डॉक्टरला दाखव रे," एवढंच हळू म्हणाले.

भाद्रपदात पारशी डॉक्टरांकडे गेलो. नव्यानं दवाखाना टाकला होता त्यांनी, हुशार माणूस, हात हलका. थुंकी मुंबईला पाठवली. आठ दिवसांनी बोलावून घेतलं, दार लावलं, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. ते असे जवळ बसले तेव्हाच मला कळलं.

"टीबी छे," म्हणाले, आणि मग आपल्या मराठीत, "घाबरायचा नाय. वेळेवर नाय आला, पण गेलेला पण नाय."

मला रडू वगैरे आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक मोजत बसलो. मग त्यांनी विचारलं, "घरमंदी कोण?"

"बायको. मुलगी."

"पोरीला पाठवून दे मामाकडे. आणि बायको तुझ्या संगती एक ताटात जेवते काय?"

मला तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. आमच्याकडे नवरा-बायको एका ताटात जेवायला बसतात ते लग्नाच्या पंगतीत, एकदा. मी म्हटलं, "छे छे. ती नंतर जेवते."

"गुड," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या घरात टेबलावर प्रत्येकाची बशी वेगळी. त्यांना काय ठाऊक. पण मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो नाही, फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं, आणि माझ्या डोक्यात ते ताट आलंच नाही. घरी येऊन सुमाला लोणावळ्याला धाडलं. आरोग्यधामात खाट रिकामी होईपर्यंत तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांतही रोज दोन्ही वेळा मी जेवून उठलो, हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसलो.

सोमवारचं वजन

आरोग्यधाम घाटावर, देशाच्या बाजूला. तिथं मला मोटारीनं नेलं. माझी सगळी वळणं खिडकीतून गेली. शिंगरोबापाशी मोटार थांबली तेव्हा मी मान वळवून घेतली.

तिथला दिवस सांगतो, म्हणजे नव्यानं जाणाऱ्याला धास्ती वाटायला नको. व्हरांड्यात खाटा, भिंत एकाच बाजूला, थंडीवाऱ्यातही बाहेरच झोपायचं. सकाळी ताप बघायचा, दूध, अंडं, माशाचं तेल. अंडं मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं आणि पहिले आठ दिवस देवाची माफी मागत खाल्लं. दहा ते बारा निजून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. दुपारी दोन तास पुन्हा तेच. थुंकायला झाकणाचा पेला, तो जवळ ठेवायचा. सगळ्यात कठीण काम म्हणजे काही न करणं. मी घाट चढलेला माणूस, मला खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत जायचं तर परवानगी लागायची.

सोमवारी वजन. पन्नास माणसं रांगेत उभी, काट्याकडे डोळे लावून. इथं वाढलं की लोक हसत, उतरलं की गप्प होत. पहिल्या सोमवारी मी एकशे एकोणीस पौंड भरलो, म्हणजे दीड मणाच्याही आत. माझ्या पुढचा, साताऱ्याकडचा एक वकील, दोन पौंड उतरला होता. तो काट्यावरून उतरताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही आधी जाडे होता म्हणे. नशीबवान आहात." ज्या चरबीला मी शिव्या दिल्या तिनंच मला तग धरायला लावला, असं तिथले मोठे डॉक्टरही म्हणाले. वकील पुढच्या महिन्यात गेला.

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी परवानगी काढून मी नुसतं चहाचं पाणी घ्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या मागं गेलो. तिथं एक बाई चिमट्यानं आमची ताटं उकळत्या पाण्याच्या हंड्यात सोडत होती. एकेक ताट, दोन मिनिटं आत, मग बाहेर. मी म्हटलं, "इतकं कशाला?"

"तुमचं उष्टं कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून," ती म्हणाली.

मी तिथंच दगडावर बसलो. गेल्या दोन वर्षांतली सगळी ताटं माझ्या डोळ्यांपुढं आली. अर्धी भाकरी, दह्याची वाटी. रोग श्वासातून गेला की ताटातून, हे मी नंतर चार डॉक्टरांना विचारलं आणि एकानंही छातीठोक सांगितलं नाही. एकाच खोलीत राहणाऱ्याला श्वासानंही होतो म्हणाले. असेल. मला दिसतं ते ताट.

त्याच दिवशी यमुनेला पत्र लिहिलं, ताट वेगळं कर म्हणून. उलट टपाली उत्तर आलं, तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. सर्व कुशल आहे, लोणावळ्यास आहे, सुमा पाढे शिकते, माझं ताट वेगळं आहे, काळजी नसावी. दर पंधरवड्याला असंच एक पत्र. मी त्या पत्रांवर विश्वास ठेवला आणि वजन वाढवत राहिलो. सातव्या महिन्यात माधवराव भेटायला आले. त्यांनी नेहमीची थट्टा केली नाही. खाटेच्या कडेला बसून टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "यमी भिसेगावला गेली आहे. एकटी. सुमाला लागायला नको म्हणून."

"किती दिवस झाले?"

"तुम्हाला इकडे आणलं तेव्हाच खोकत होती हो ती."

कुडाची खोली

मला अकराव्या महिन्यात सोडलं, एकशे एकोणपन्नास पौंड. तोवर यमुनेची दोन्ही फुप्फुसं रोगानं धरली होती. आरोग्यधामात बायकांच्या खाटा चारच, त्यांतली एकही रिकामी नव्हती, आणि मोठे डॉक्टर म्हणाले की आता आणून उपयोगही नाही. तिनं परसातल्या कुडाच्या खोलीत आपलं अंथरूण घातलं होतं, खिडक्या उघड्या टाकून, माझ्या पत्रांत लिहिलं होतं अगदी तसं. शेजारणी कुंपणापलीकडून विचारपूस करायच्या. त्यांना नावं ठेवत नाही, मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

आत मात्र कोणी तरी येत होतं. ओट्यावर रोज सकाळी लहान तांब्याभर शेळीचं दूध असायचं. दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून बघितलं तर ठमी.

"तू कशाला येतेस गं? तुला भीती नाही वाटत?"

"बा गेला तवा मीच व्हते. मला काय नाय झालं." मग ती म्हणाली, "मी तुला सांगितलं व्हतं, दादा."

"सांगितलं होतंस."

एवढंच आमचं बोलणं झालं. शेवटपर्यंत तिचं दूध कधी चुकलं नाही. या सगळ्या काळात माणुसकी कुठं भेटली असं कुणी विचारलं तर मी त्या तांब्याचं नाव घेईन.

ज्यांच्या घरी आज हा आजार आहे त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. ताट वेगळं करा, पेला वेगळा करा, पण त्याआधी आत जाऊन बघा, तुमच्या मागं कोण काय जेवतं. आणि रुमालात काही दिसलं तर त्याच दिवशी बोला.

यमुना पौषात गेली. त्याआधी पंधरा दिवसांची एक दुपार सांगतो आणि थांबतो.

ऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी तिला मऊ भात आणि मेतकूट भरवत होतो. स्वयंपाक आता मीच करायचो, जमेल तसा. चार घास झाल्यावर तिनं मान फिरवली. मग एकदम म्हणाली, "ती करवंदं गोड होती का हो?"

"कोणती?"

"दादानं सायकल डोक्यावर घेतली त्या दिवशीची."

मी मेतकूट भातात पुन्हा कालवू लागलो.

"करवंदाचा डाग जात नाही," ती म्हणाली. "कितीही घासा, उन्हात टाका, राहतोच. तुमचा रुमाल गार पाण्यात दोनदा चोळला आणि स्वच्छ झाला."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं?"

"रक्ताचा डाग बायकांना ओळखता येतो."

"मग बोलली का नाहीस? निदान ताट तरी वेगळं करायचं होतंस. मी कुठं आत येऊन बघणार होतो?"

तिला धाप लागली. मी पाणी दिलं. मग ती थांबत थांबत म्हणाली, "कधी आत आला असतात आणि वेगळं ताट बघितलं असतं तर? तुम्हाला कळलं असतं, मला कळलंय ते. तुम्ही किती खुशीत होता. नऊ वर्षांत तुम्हाला तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं पावसाळ्यात सायकल बंद राहील, जरा विसावा मिळेल, मग बोलू." मग म्हणाली, "आणि तेव्हा मी हसले होते ना, आईकडे, दाराआडून. तुम्हाला लागलं होतं ते. ते माझ्या मनातून जात नव्हतं."

ताट माझ्या मांडीवर होतं. भात अर्ध्याहून जास्त उरला होता. मी तिच्याकडे पाठ न करता, तिच्या डोळ्यांदेखत, त्यातला घास उचलला. असं कुणी करू नये. माझ्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर मला पुन्हा खाटेला बांधून ठेवलं असतं. मला त्या वेळी काही सुचत नव्हतं.

"अहो, काय करता? उष्टं आहे माझं."

"माहीत आहे."

तिनं ताटाची कड धरली. बोटांत जोर नव्हता. थोडा वेळ धरून ठेवली आणि सोडली. मी शेवटच्या शितापर्यंत जेवलो. ती उशीवरून बघत होती. नवऱ्याला जेवताना ती रोज बघत आली होती, बायकोच्या ताटात जेवताना पहिल्यांदाच.

"मीठ बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

भातात मीठ नव्हतंच. मी घालायला विसरलो होतो, बहुधा बरेच दिवस, आणि ती एक शब्द न बोलता तो खात आली होती.